शमाची तक्रार

"मुआजला नाही आणलंत?" फौजदार श्रेया मॅडमनी दारातच विचारलं.

"त्याला कशाला? दाखवायला?" शमा म्हणाली. "मी आलेय की."

जुन्नरच्या पोलीस ठाण्यामागच्या हॉलमध्ये शिपाई प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसले होते. ज्यांना बोलता येत नाही, समजायला वेळ लागतो, अशा माणसांशी पोलिसांनी कसं वागायचं, याचं प्रशिक्षण होतं, आणि तिथे बोलायला शमाला बोलावलं होतं.

शमाला त्यातलं काही खरं वाटत नव्हतं. तिचा मुलगा मुआज चोवीस वर्षांचा, पण बोलत नसे. उभ्या मोटारसायकली दिसल्या की एकेकीचे आरसे फिरवत बसे. उन्हाळ्यात पोलिसांनी त्याला गाडीचोर समजून धरलं होतं. नाव सांगेना म्हणून हात पिरगाळला, मनगट मोडलं. शमाने थेट वरच्या साहेबांकडे तक्रार केली. आणि आता हा चहा, बिस्किटं, 'ताई, बसा'. तक्रार मागे घ्यायला लावणार, दुसरं काय?

हात पिरगाळणारे हवालदार रखमाजी तिसऱ्या ओळीत होते. मान खाली.

शमा उभ्यानेच बोलली. "त्याला वरडून इचारलं की तो कान झाकतो. धरलं की पळतो. पळाला म्हंजी चोर न्हाई."

एका तरुण शिपायाने हात वर केला. "पण ताई, उद्या खरा चोरबी असंच सोंग करंल. आमी वळखायचं कसं?"

"मला काय ठावं? पोलीस तुमी." कुणीतरी हसलं. "जवळ बसून राहा. हात न लावता. सोंग करणारा कटाळतो. माझा पोरगा न्हाई कटाळत."

निघताना श्रेया मॅडम म्हणाल्या, "तुमच्या तक्रारीचं..."

"मागं न्हाई घेणार!"

"घेऊ नका. चौकशी सुरू झालीय, एवढंच सांगायचं होतं."

शमाने मान हलवली. विश्वास मात्र ठेवला नाही.

पुढच्या रविवारी, बाजारात भाजी घेताना मुआज तिच्या नजरेआड झाला. धावत ती एसटी स्टँडमागे पोचली. मुआज रांगेतल्या गाड्यांचे आरसे फिरवत होता. दोन हात अंतरावर रखमाजी वर्दीतच मातीत बसले होते. आपल्या गाडीला हात लावू देतात म्हणून डिंगोरे गावचा एक गाडीवाला त्यांच्यावर तडकला होता.

"गाडी जागेवर हाय ना, राव?" रखमाजी बसूनच म्हणाले. "मग जावा की."

शमा मध्ये घुसली. "हात लावला याला?"

"न्हाई."

तिने मुआजच्या दोन्ही बाह्या वर सारून पाहिलं. रखमाजी माती झटकत उभे राहिले.

"तक्रार मागं घ्यावी म्हणून बसला व्हता?"

"न्हाई, ताई. चौकशीत सांगितलंय मी. माज्याच हातानं त्याचं मनगट मोडलं म्हनून."

शमा त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. खरं की खोटं, तिला कळेना. मुआजचा शेवटचा आरसा होईपर्यंत तिघंही तिथेच थांबली.

"घरापर्यंत सोडतो," रखमाजी म्हणाले. "गर्दी लई हाय."

"मागून येऊ नका." शमाने मुआजला जवळ घेतलं. "पुढं चाला. मला दिसाल असं."

रखमाजींनी टोपी घातली आणि बाजाराच्या गर्दीतून वाट करत ते पुढं चालू लागले.