शिक्का नको, असं अप्पा म्हणाले होते

मला हातात धरून वाचायला जाल, तर एक अक्षर लागणार नाही. कागदावर दाबा, मग कळेल मी कोण ते. ‘कमलाकांत कोठारे, आमदार, संयुक्त महाराष्ट्र समिती.’ लोकांचे अप्पा. त्यांचा रबरी शिक्का मी.

सत्तावन्न साली अप्पा निवडून आले, त्याच आठवड्यात ठाकुरद्वारच्या एका बोळात माझा जन्म झाला. अप्पा गिरगावचे वकील. पण मतं दिली ती गिरणी कामगारांनी, म्हणून कचेरी चिंचपोकळीच्या चाळीत, तळमजल्यावर. एक टेबल, दोन बाकडी, शाईची डबी आणि मी. मला सांभाळायला हेरंब, समितीचा कार्यकर्ता. मोर्चात घसा बसेपर्यंत ओरडणारा. पण समोरच्याला नाही म्हणायची वेळ आली की त्याची जीभ अडखळायची.

सुरुवातीला माझा काय थाट होता म्हणून सांगू! रेशनकार्डाचा अर्ज असो, नळाची तक्रार असो, लोक अप्पांचं अक्षर वाचायचे नाहीत, आधी मला बघायचे. पुसट उठलो तर पुन्हा मारून मागायचे. बायका शाई वाळावी म्हणून फुंकर घालायच्या. मीही जरा फुगलोच होतो, खोटं कशाला बोलू?

मग मंदी आली. कापडाचे तागे गोदामात पडून राहिले. गिरण्यांनी आधी रात्रपाळी बंद केली, मग दुसरी पाळी. कचेरीतली बाकडी पुरेनात, माणसं पायऱ्यांवर बसू लागली. अप्पांनी विधानसभेत प्रश्न विचारले, मंत्र्यांची भेट घेतली. विचार चालू आहे, एवढंच उत्तर मिळे. शेवटी अप्पा एकेकासाठी गिरण्यांना चिठ्ठ्या लिहीत बसले आणि मी दिवसभर ठप्प ठप्प करत राहिलो. त्या चिठ्ठ्यांनी कुणाला काम लागलं, असं काही माझ्या कानावर आलं नाही.

त्या रांगेत एक दिवस दत्ताराम आला, डिलाईल रोडचा. बरोबर बायको रखमा. त्याची गिरणी बंद पडली होती. दुसऱ्या एका गिरणीचा बदलीचा पास होता, म्हणजे रोज सकाळी फाटकाशी उभं राहायचं, कुणी कामगार गैरहजर असला तर त्या दिवसापुरतं काम. महिन्यातून चार दिवसही आत घेत नव्हते. महिन्याभरात कायमचं काम लागलं नाही तर खोली सोडून देवगडकडच्या गावी जायचं, असं खोली ज्याच्या नावावर होती त्या भावानं सांगून टाकलं होतं. त्यांची शकू तिसरीत होती आणि वर्गात पहिली. रखमा सगळं बोलली ते शकूबद्दलच.

त्या गिरणीचा लेबर ऑफिसर अप्पांचा कॉलेजातला मित्र. अप्पांनी साध्या कागदावर घरगुती पत्र लिहिलं आणि घडी घातली. हेरंबनं सवयीनं मला उचललं. अप्पा म्हणाले, ‘‘याच्यावर शिक्का नको.’’

रखमाचा चेहरा उतरला.

‘‘अप्पानू, बिनशिक्क्याच्या कागदाक कोण इचारतलो?’’

अप्पा नुसते हसले. जा, काम होईल, म्हणाले. त्यांना कौन्सिल हॉलात विधानसभेला जायची घाई होती. आणि मला, खरं सांगतो, राग आला. मला काय धाड भरली होती?

अप्पा गेल्यावर रखमा परत आली. बाकीच्यांना शिक्का आणि आमच्याच कागदाला का नाही, आम्ही मतं दिली नाहीत का, असं तिनं हेरंबला विचारलं. हेरंबला वाटलं, अप्पा गडबडीत काहीतरी बोलून गेले. त्यानं मला शाईत दाबलं. मी असा ठसठशीत उठलो की बस्स! रखमानं फुंकर घातली, कागद पदरात बांधला आणि ती हसत गेली.

गिरणीच्या फाटकावर पत्र पोचलं, तसं तिथल्या कारकुनानं ते उघडलं. मालक समितीच्या नावानं बोटं मोडणारा. कारकुनाला मजकूर वाचायची गरजच पडली नाही, त्यानं मला वाचलं. पत्र मित्रापर्यंत गेलंच नाही. दत्तारामचं नाव समितीवाला म्हणून टिपून ठेवलं आणि हातातला बदलीचा पासही काढून घेतला.

आठ दिवसांनी दोघं निरोप घ्यायला आली. हेरंबनं खाली मान घालून सगळं सांगितलं. अप्पा त्याला ओरडतील असं मला वाटलं होतं. ते म्हणाले, ‘‘चूक माझी. नको म्हटलं, पण का नको ते सांगितलं नाही.’’

रखमाला ते कितपत कळलं कोण जाणे. तिनं एकच मागितलं. शकूला गावच्या शाळेत चौथीत बसवून घ्यावं, अशी चिठ्ठी. अप्पांनी ती लिहिली. रखमानं माझ्याकडे बोट केलं.

‘‘थंय तरी ह्यो चलात मां?’’

अप्पांनी मला उचललं. शिक्का मारायची त्यांना सवय नव्हती, मी तिरका उठलो. तरी रखमानं फुंकर घातलीच.

आता महाराष्ट्र झाला. चाळीत पेढे वाटले, हेरंब तर लहान पोरासारखा रडला. मलाही आनंद झाला, का होऊ नये? पण अप्पा हल्ली गिरण्यांची पत्रं माझ्याशिवायच पाठवतात आणि का ते प्रत्येकाला समजावून सांगतात. मी खणात पडून असतो, रबराला चिरा गेल्यात.

तुमच्यापैकी कुणी देवगडकडे गेलात, तर एवढी चौकशी करा. दत्तारामच्या शकूला चौथीत घेतलं का? आणि घेतलं नसेल, तर मास्तरांना सांगा, त्या चिठ्ठीवर जे काय उठलंय त्याच्याकडे बघू नका. पोर हुशार आहे.