शबाचा पान्हा

बनुबाईला मूठमाती दिली त्या दिवसापासून तिच्या म्हशीनं पान्हा सोडला नाही. म्हशीचं नाव शबा. शबाची राणी शलमोन राजाला भेटायला आली ती बायबलातली गोष्ट बनुबाईच्या फार आवडीची, म्हणून राहात्याच्या बाजारातून आणलेल्या वगारीला तिनं तेच नाव दिलं होतं. तिच्या नवऱ्याला, कारभारीला, ते कधी रुचलं नाही. हाक मारली की मोठ्या घरची बाई गोठ्यात बांधल्यासारखं वाटायचं त्याला.

कारभारीनं सगळं करून पाहिलं. आंबोण ठेवलं, रेडकू सोडलं, पाठ खाजवली. शेवटी बनुबाईचं हिरवं लुगडं नेसून, डोक्यावरून पदर घेऊन धारेला बसला. शबानं वळून त्याच्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं.

कुंपणापलीकडून शेजारची मालनबाई हे सगळं बघत होती.

"भावजी, लुगड्यानं काय व्हनार? बनुबाई धार काढताना पराथना म्हनायची. ती ऐकून म्हस पान्हा सोडायची."

"काय म्हनायची?"

"तुमाला ठावं न्हाई? तुमच्याच घरात ना?"

धारेच्या वेळी कारभारी लांब लिंबाखाली दात घासत उभा असायचा. बनुबाईचं म्हणणं संपल्याचं दिसलं की तिथूनच 'आमेन' म्हणायचा आणि चूळ भरायचा. इतक्या वर्षांच्या संसारात त्याचा तेवढाच वाटा.

दुपारी चर्चचे पाळकसाहेब सायकलवरून आले. शामकांत त्यांचं नाव, नुकतेच राहात्याला बदलून आलेले. रविवारच्या स्मरणाच्या उपासनेचं ठरवायचं म्हणून ते आले होते, पण मालनबाईनं त्यांना सरळ गोठ्यात नेलं. साहेबांनी टोपी काढली, डोळे मिटले आणि म्हणाले, "हे सर्वसमर्थ, सनातन, करुणानिधी पित्या..."

शबानं लाथ मारून चरवी उडवली.

"साहेब," मालनबाई म्हणाली, "एवढं शुद्ध तिला कळत न्हाई. बनुबाई नावं घ्यायची."

"कोणाची?"

"सगळ्यांचीच. माझ्यासाठी म्हनायची, बापा, मालनला सासूसंगं भांडायचं बळ दे, पर भांडन जिंकू देऊ नको, न्हाईतर ती लई माजंल."

शबाचे कान हलले. तिघांनीही ते पाहिलं.

मग काय, दिवस कलायच्या आत अर्धं गाव गोठ्यात. प्रत्येकाला बनुबाईनं कधी ना कधी सांगितलं होतं, तुझ्यासाठी रोज अमकं मागते म्हणून. ज्याचं त्याला पाठ होतं, सगळं कोणालाच नाही. आधी कोणी म्हणायचं यावरून वाद लागला. पाळकसाहेबांनी सगळ्यांना दावणीच्या कडेनं ओळीत उभं केलं. गावातले बडे बागाईतदार आप्पासाहेब आपणहून पुढं जाऊन उभे राहिले.

"माझ्या गुडघ्यांसाठी मागायची," ते म्हणाले. "डावा आधी, मग उजवा."

"कास जरा मऊ पडली," म्हशीखाली बसलेली मालनबाई म्हणाली. "थांबू नका."

ओळीत गोरक्षनाथ होता. हा मोलमजुरी करणारा. तो पायाच्या अंगठ्यानं शेण उकरत उभा राहिला.

"मी मागनं म्हनतो."

"म्हन की. धार उतरतीय."

"मला म्हनायची..." गोरक्षनाथानं आप्पासाहेबांकडे चोरून पाहिलं. "बापा, गोरक्ष आप्पासाहेबाचा ऊस नेतो, त्याला सापडू देऊ नको. घरी लेकरं हायेत. अन् आप्पासाहेबाला ऊस मोजायची बुद्धी देऊ नको."

आप्पासाहेब ताडकन वळले. "माझ्यासाठी नुसतं गुडघं, अन् ह्याच्यासाठी माझा ऊस?"

"हळू बोला, आप्पासाहेब," मालनबाई खालून म्हणाली. "आता कुठं चांगलं उतरलंय."

आप्पासाहेबांनी शबाकडे पाहिलं, गोरक्षनाथाकडे पाहिलं आणि ओठ मिटून घेतले. चरवीत धारांचा चुर्र चुर्र आवाज झाला आणि पुन्हा बंद पडला. ओळ संपली होती. आटलं सगळं.

"कुणाचं तरी राहिलंय," पाळकसाहेब म्हणाले. त्यांच्याही नकळत ते आता म्हशीच्या मर्जीनं चालले होते. "कारभारीभाऊ, तुमच्यासाठी काय मागायच्या?"

"मला काय ठावं?"

मालनबाई कासेवरचा हात काढून पदराला पुसत राहिली. तिला ठाऊक होतं, हे सगळ्यांच्या ध्यानात आलं.

"सांग की, वहिनी," कारभारी म्हणाला.

"म्हनायची, बापा, आधी ह्यांना ने, मग मला. मागं एकटे राहिले तर साधा चहा जमायचा न्हाई त्यांना."

"म्हंजी रोज सकाळी ती माझं मरन मागत हुती?"

"मायेनं मागायची, भावजी."

"अन् मी लिंबाखालून आमेन म्हनत हुतो," कारभारी म्हणाला.

त्याला हसू आलं. ते आवरेना. हसता हसता त्यानं शबाच्या मानेला मिठी मारली आणि तिथंच हुंदके द्यायला लागला. म्हैस हलली नाही. मालनबाई ओरडली, "चरवी सरकवा, वाया जातंय." पाळकसाहेबच गुडघ्यावर शेणात बसले आणि दोन्ही हातांनी त्यांनी चरवी धरली. ती भरली तेव्हा शेजारून कळशी आणावी लागली.

दुसऱ्या दिवशी कारभारी स्वतः धारेला बसला. निम्मी नावं विसरला, एका सुनेचं नाव सासूला लावलं. शेवटी स्वतःपाशी आला.

"बापा, बनूनं माझ्यासाठी मागितलं ते तुझ्या ध्यानात असंल," तो म्हणाला. "त्याची घाई न्हाई. म्हस आजून तरणी हाय."

रविवारी आप्पासाहेब जन्मात पहिल्यांदा ख्रिस्ती देवळात उपासनेला आले आणि गुडघ्यांमुळे सगळा वेळ उभेच राहिले. सोमवारी त्यांनी शबासाठी उसाच्या वाढ्यांची गाडी पाठवली. गाडी घेऊन गोरक्षनाथ आला होता. फडाची वाट त्याच्याइतकी कोणाला माहीत, असं आप्पासाहेबच म्हणाले होते म्हणे.