सतरावा शब्द

कळसाडीत घराच्या ओट्यावर बसून रुपा आकड्यांचे इंग्रजी शब्द करणारा प्रोग्राम लिहीत होती. तिचे आजोबा, निवृत्त भाईदास गुरुजी, शब्द सांगत होते. विसाच्या पुढचे शब्द जोडून होतात. एक ते एकोणीस मात्र एकेक करून यादीत भरावे लागतात.

"आबा, सतरा टाका तं एटीन यी ऱ्हायनं! तुमना एक शब्द सुटी ग्या. कशाना गुरुजी तुम्ही?" रुपा हसली.

गुरुजी हसले नाहीत. तीस वर्षांपूर्वी शाळेच्या सहलीत त्यांच्या वर्गातला हेमकांत तापीत बुडाला होता. त्याचा हजेरी क्रमांक सतरा. तेव्हापासून गुरुजी हजेरी घेताना सोळानंतर थेट अठरा म्हणत.

"सांगा ना आबा. नही तं पुढलं सगळं चुकी जाई."

तो आकडा उच्चारायच्या आपल्या भीतीपायी पोरीचं काम चुकावं, हे त्यांच्यातल्या मास्तराला सोसेना.

"सेव्हन्टीन," ते पुटपुटले.

अंगणातल्या कडुनिंबामागून ओला, कोवळा आवाज आला, "हजर, गुरुजी."

रुपाची बोटं थांबली. "आबा, कोण शे तठे?"

गुरुजींचे डोळे भरून आले. "लिही, बेटा," ते म्हणाले. "त्यानी जागा रिकामी ठेवू नको."