ऐकायला कार्ड लागत नाही

माझी तान्ही लेक ठमी झोपली की माझा दिवस सुरू होतो आणि ती उठली की संपतो. मधल्या वेळात मी कोड वाचते. मी सारखी लिहीत असते असं लोकांना वाटतं, पण आमच्या धंद्यात लिहिणं थोडं आणि वाचणंच फार. तेही दुसऱ्याचं, आणि बहुतेक वेळा मधूनच उघडलेलं. काय मनात धरून हे सुरू केलं, ते सांगायला लिहिणारा जागेवर नसतो. तरी मला हे वाचन आवडतं. चार ओळी वाचल्या की माणूस घाईचा होता की निवांत, हे कळायला लागतं.

सध्या हातात होतं ते आमच्या भागातल्या वाचनालयाचं सॉफ्टवेअर. बाळंतपणाच्या रजेत हात गंजू नयेत म्हणून हौसेनं घेतलेलं काम. ग्रंथपालबाईंची तक्रार साधी होती. "पुस्तक परत आलं की पुढच्या नंबरवाल्याला लगेच मेसेज जायला नको का? जातो दुसऱ्या दिवशी. लोक मला बोलतात."

मूळ प्रोग्रॅम लिहिणारा केव्हाच दुसऱ्या गावी निघून गेला होता. हात मात्र त्याचा सुबक. कुठे पसारा नाही, कुठे उगाच हुशारी नाही. म्हणून ती एक ओळ सापडली तेव्हा मला त्याच्याबद्दल वाईटच वाटलं. पुस्तक परत आलं की एक दिवस थांब, मग पुढचा नंबर बघ. का थांब, याबद्दल अक्षर नाही. एवढा शहाणा माणूस, पण इथे डुलकी लागलेली दिसते, असं म्हणत मी ती ओळ काढून टाकली. मांडीवरच्या ठमीनेही एक कळ दाबून हातभार लावला, तो पुसला. करून पाहिलं, सगळं सुरळीत.

इतकं सुरळीत की त्याच आठवड्यात मलाच मेसेज आला. ठमी पोटात होती तेव्हा एका जाडजूड कादंबरीला मी नंबर लावला होता आणि साफ विसरले होते. माझ्याच हातच्या मेसेजने मला बोलावणं धाडलं, म्हणून मी खुशीत ठमीला बाबागाडीत घातलं आणि पुस्तक घेऊन आले.

घरी बाबा, म्हणजे माझे सासरे, खिडकीपाशी वर्तमानपत्र घेऊन बसले होते. एरवी त्यांच्या मांडीवर पुस्तक असतं आणि हातात भिंग. वाचनालयाचं पुस्तक मळू नये म्हणून ते त्याला कागदाचं कव्हर घालतात, त्यामुळे ते काय वाचताहेत हे घरात कुणालाच ठाऊक नसतं.

मी कादंबरी टेबलावर ठेवली. बाबा बघतच राहिले.

"हे तुला कसं मिळालं?"

"नंबर लागला माझा. तुम्ही वाचलंय?"

त्यांनी पुस्तक उचललं, पाठपोट बघितलं आणि अगदी सरळ ठेवून दिलं. "वाच. चांगलं आहे."

"चांगलं आहे म्हणे," आई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "त्याच्यासाठीच तर काल रिकाम्या हाताने परत आले. शेवटची थोडी पानं राहिलीत ह्यांची."

"तू गप्प बस गं."

"मी गप्पच आहे. कालपासून एकच पान धरून बसलेत, हे मी कुणाला सांगितलंय का?"

मग हळूहळू उलगडलं. या वाचनालयात मुदत वाढवून मिळत नाही. पण परत केलेलं पुस्तक एक दिवस दाराजवळच्या फळीवर राहतं. ज्याचं वाचून व्हायचंय त्याने दुसऱ्या दिवशी यावं आणि ते एकदाच पुन्हा न्यावं. खरंच हवं असेल तर माणूस परत येतो, असा त्यामागचा विचार. बाबा वर्षानुवर्षं असंच वाचत आलेत. या वेळी गेले तर फळी रिकामी; पुस्तक पुढच्या नंबरासाठी आत काढून ठेवलेलं.

डुलकी त्या भल्या माणसाला लागली नव्हती. मला लागली होती.

ग्रंथपालबाईंना फोन केला तर त्या म्हणाल्या, "अगं, पण तो जादा दिवस फळीमुळे मिळतो ना? फळी तर मी हलवलेली नाही."

मी पुस्तक बाबांच्या पुढे केलं. "घ्या, आधी तुम्ही संपवा."

"तुझ्या कार्डावर आहे ते."

"एकाच घरात काय बाबा—"

"कार्ड एका माणसाचं असतं. बाहेर लोक नंबर लावून थांबलेत आणि आपण घरातल्या घरात फिरवायचं? मी लावलाय पुन्हा नंबर. लागेल."

लागेल, पण तोवर डोळे? यापेक्षा मोठं भिंग येत नाही, असं चष्मेवाल्याने मागच्या खेपेलाच सांगितलं होतं. स्वयंपाकघरातला नळ बंद झाला.

मी लॅपटॉप उघडला. ती ओळ होती तिथे परत ठेवली. मेसेज लगेच जाईल, पुस्तक मात्र एक दिवस फळीवर राहील, एवढी सोय बाईंसाठी केली. आणि वर एक टीप लिहिली: "हा दिवस ज्यांचं वाचून व्हायचंय त्यांचा आहे. ओळ काढू नये. एकदा काढून पाहिली आहे."

पुढच्या वाचकांचं भागलं. बाबांचं तसंच राहिलं.

"बाबा," मी म्हटलं, "ऐकायला कार्ड लागतं का?"

नियमाचा प्रश्न असल्यामुळे त्यांनी नीट विचार केला. "तसं कुठे लिहिलेलं नाही. पण तुझी मजा जाईल. शेवट आधी कळेल."

"मी रोज मधूनच वाचते. पोटासाठी."

त्यांनी पानाचा आकडा लगेच सांगितला. मी ठमीला मांडीवर घेतलं आणि वाचायला लागले. दुसऱ्याच वाक्याला अडले. "ही आत्या कोण? आणि ती कुलूप का लावत नाहीये?"

"हां," बाबा खुर्ची पुढे ओढत म्हणाले. "त्यासाठी तुला मागे जायला हवं." आणि आत्याचं लग्न, तिच्या भावाचं निघून जाणं, ते दार, सगळं सांगत बसले. कोडमध्ये अशी टीप मिळाली असती तर! भिंग टेबलावरच होतं. ठमीने ते तोंडात घातलं तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

त्या दुपारी जेमतेम दोन पानं झाली. तिसरं उलटलं तेव्हा आतून आईंचा आवाज आला.

"जरा मोठ्याने वाच गं. भावाचं काय झालं ते इथे ऐकू येत नाही."