माळेत दडलेली सुई

मी सुई बोलतेय. कपडे शिवणारी नव्हे, फुलं ओवणारी. वीतभर लांब, टोकाशी जरा वाकलेली. माझ्यावर रागवायचं तर खुशाल रागवा, पण आधी ऐकून घ्या.

आमच्या घरामागे जंगल आणि जंगलापलीकडे समुद्र. वसंत आला की तिथली झाडं बुंध्यापासून शेंड्यापर्यंत पिवळ्या कळ्यांनी लगडतात. कळी उमलली की वास उडतो, म्हणून आजीची सून उजाडताच शिडी लावून कळ्या उतरवते. मग आजी उंबऱ्याशी बसायची आणि आम्ही दोघी माळा करायचो. आजीची नजर अशी, की ओंजळभर कळ्यांतली एकच उमललेली ती नेमकी बाजूला काढायची. वसंतात गावातलं एकही दार, एकही वेणी फुलांवाचून राहत नसे.

दोघी कसल्या! तो दोराही होताच. प्रत्येक कळीत आधी शिरायचं मी, वाट काढायची मी, आणि हा आयतोबा मागून येऊन फुलांत कायमचा मुक्काम ठोकणार. लोक माळ नाकाशी धरायचे, तेव्हा मी आजीच्या खांद्यावर कापडात टोचलेली. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

गेल्या वसंतातली पहिली माळ नातीसाठी होती. आजीने गाठ मारून दोरा कापला आणि मी पटकन कळ्यांत दडले. एकदाच, मलाही मिरवायचं होतं! आजीने खांदा चाचपला, पण तेवढ्यात नातीने माळ पळवलीसुद्धा.

तिने ती केसांत माळली, अंगणभर गिरक्या घेतल्या. खरं सांगते, त्या दिवसाइतकी मी कधीच सुखात नव्हते. मग ती दमून खुर्चीवर मागे रेलली.

"आई गं!"

सून धावली. "अहो आई, सुई राहिलीय माळेत! मानेत केवढी घुसली बघा."

आजीने परडी बाजूला सारली. "चाळीस वर्षांत असं झालं नव्हतं गं. दिसेनासं झालंय मला. आता तूच बघ."

सुनेने रागाच्या भरात मला माळेसकट कुंपणापलीकडे भिरकावलं. आता ती नुसत्या दोऱ्याला गाठी मारून माळा करते. म्हणजे त्या मेल्याचं काम चालूच! मी इथे झाडाखाली गंजतेय.

यंदाही कळ्या आल्यात. काल कुंपणापलीकडून सुनेचा आवाज आला, "आई, नुसत्या बसून काय राहता? नवी सुई देते, चार कळ्या तरी ओवा."

"नको गं. पुन्हा पोरीला टोचलं म्हणजे?"

मला परत न्या असं मी म्हणत नाही. पण कुणी त्या घरी जाणार असाल, तर आजीला एवढं सांगा: तिचे डोळे चांगले आहेत. मीच लपले होते.