गुरुवारच्या खुर्च्या

इस्पितळाच्या धुलाईघरात दिवसभर चादरी इस्त्री करायच्या आणि दर गुरुवारी सहा वाजता वाचनालयाची माडी चढायची. कुणालाच 'नाही' म्हणता येत नाही अशा आम्ही अकरा बायका तिथं जमतो. समुपदेशक बाईंचा गृहपाठ एकच: आठवड्याला एक नकार द्यायचा आणि वहीत लिहायचा. माझ्या वहीत बारा नकार आहेत. त्यातले नऊ खोटे.

गंमत बघा, पहिल्याच दिवशी बाईंनी विचारलं, "खुर्च्या कोण लावेल?" अकरा हात वर गेले. माझा जरा आधी गेला असावा. तेव्हापासून माडीची किल्ली माझ्याकडे, खुर्च्या माझ्याकडे, दिवे बंद करणंही माझ्याकडेच. मुलीच्या जातीनं हसतमुखानं करावं, हे आईनं लहानपणीच घोटून घेतलं होतं. आता हसू गेलं, करणं राहिलं. कंटाळलेय मी.

गेल्या गुरुवारी लेकीची पोहण्याची शर्यत होती, साडेसहाला. डबा भरताना मी चाचरत म्हटलं, "अगं, किल्ली माझ्याकडे असते ना..."

"चालेल मला," ती हसून म्हणाली. "तू नको येऊस."

अकरा वर्षांची पोर. ते हसू माझं होतं, त्याआधी माझ्या आईचं.

जेवणाच्या सुट्टीत बाईंना फोन केला. "आज मी येत नाही. किल्ली ग्रंथपालांकडे ठेवलीय. आणि यापुढे खुर्च्या दुसऱ्या कुणाला तरी सांगा."

"अरे वा! वहीत लिहा हं," बाई म्हणाल्या.

शर्यतीत लेक चौथी आली. केस पुसत माझ्यापाशी आली आणि पहिलं काय बोलली? "माझ्यामुळे तुझं जायचं बुडालं ना? सॉरी."

मी तिला बाकावर शेजारी बसवलं.

"सकाळी मी येणार नव्हते, तेव्हा राग आला होता तुला?"

"नाही."

"खरं सांग."

तिनं टॉवेल पिळला. मग एकदम रडायलाच लागली. "आला होता! मागच्या वेळीही आला होता! तू सगळ्यांचं ऐकतेस, माझं सोडून!"

शेजारच्या बायका वळून बघायला लागल्या. 'हळू बोल, लोक बघताहेत,' हे माझ्या ओठांवर आलंच होतं. ते गिळलं.

"अजून सांग," मी म्हटलं.