एवढीच बिलं

माझा राग नाकावर असतो, हे मला कुणी सांगायला नको. पस्तीस वर्षं बसमध्ये कंडक्टर होतो. रोज शंभर माणसं माझ्याशी खोटं बोलायची आणि त्यातली नव्वद तरी मी पकडायचो.

ताई माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. तिचा नवरा गेला, माझी बायको गेली, तेव्हापासून आम्ही दोघं दोन खोल्यांत राहतो. घर ती चालवते, बाहेर तोंड मी चालवतो. तिचं हृदय कमजोर झालंय. डॉक्टरांनी रोज दोन गोळ्या लिहून दिल्यात, एक सकाळी, एक संध्याकाळी. गोळी इतकी महाग की औषधवालासुद्धा किंमत सांगताना आवाज खाली आणतो. दोन वर्षं झाली तरी तिच्या पायांची सूज उतरेना. एक जिना चढली तरी भिंत धरून उभी राहायची. तुमचं औषध म्हणजे नुसतं पाणी, असं मी डॉक्टरांना तोंडावर सुनावून आलो होतो.

मग म्हाताऱ्यांच्या औषधांना मदत देणारी योजना निघाली. औषधांचा खर्च पेन्शनच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त हवा आणि तीन महिन्यांची बिलं जोडायची, एवढीच अट. महिन्याला साठ गोळ्या धरल्या तर आम्ही त्या अटीत आरामात बसत होतो. ताई म्हणाली, कशाला उगाच लोकांचे उंबरे झिजवायचे. औषधं तीच आणायची, बिलंही तिच्याकडेच. दोन दिवस तिनं चालढकल केली, तिसऱ्या दिवशी एक पाकीट माझ्या हातात ठेवलं. जन्मभर लोकांची तिकिटं उलटून पालटून पाहिली, पण ताईनं दिलेलं पाकीट मी न उघडता फॉर्मला जोडलं.

योजनेच्या कचेरीत खिडकीवर एक बाई होती, माझी मुलगी शोभेल अशा वयाची. तिनं बिलं पाहिली, डॉक्टरांची चिठ्ठी पाहिली, पुन्हा बिलं पाहिली. चिठ्ठी साठ गोळ्यांची होती आणि बिलं दरमहा तीसचीच. इतक्या खर्चावर तुम्ही अटीत बसत नाही, म्हणाली. मग तिनं आवाज हळू केला.

"काका, पैशांमुळे औषध कमी घेतलं जात असेल तर तसं लिहून द्या. डॉक्टरांचं पत्र जोडलं की आम्ही पूर्ण औषधाचा खर्च धरतो. घरी एकदा विचारून या, सोमवारपर्यंत वेळ आहे."

कितीही हळू बोलली तरी मागच्या रांगेनं कान टवकारलेच. औषधवाल्यानं अर्धी बिलं दिली नसतील, असं माझ्या मनात येऊन गेलं होतं. पण ही बाई चारचौघांत आम्हाला भिकारी ठरवतेय, एवढंच डोक्यात बसलं.

"आमच्या घरात औषध चुकत नाही," मी म्हणालो, आणि तिथलंच पेन ओढून फॉर्मवर लिहिलं: एवढीच बिलं आहेत. बहीण औषध नियमित आणि पूर्ण घेते. खाली ठळक सही ठोकली. काका, हे एकदा आत गेलं की वर्षभर बदलता येत नाही, असं ती दोनदा म्हणाली. मी म्हटलं, पाठवा आत. तिनं शिक्का मारला.

तिथून तडक औषधवाल्याकडे गेलो, त्याला फैलावर घ्यायला. तो बिचारा गोंधळला. ताई महिन्याला तीसच नेतात, डॉक्टरांनी कमी केल्यात म्हणाल्या, असं त्यानं सांगितलं.

घरी ताई वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. मी विचारलं. तिनं नाकारलं नाही.

"अर्धी सकाळी, अर्धी संध्याकाळी घेते. दोन वर्षं तसंच चाललंय. भाडं, वीज, तुझ्या मधुमेहाच्या गोळ्या, हे सगळं कुठून येतं, कधी विचारलंस?"

मी खाटेच्या कडेवर बसलो. फॉर्मचं काय झालं, तिनं विचारलं. मी काय लिहून आलो, ते सांगावं लागलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. ती रागावली असती तर बरं झालं असतं. हातातल्या टॉवेलची घडी तिनं पुरी केली.

"माझ्या तोंडून निघत नव्हतं रे," ती म्हणाली. "वाटलं, बिलं बघून तिथलं कुणीतरी ओळखेल."

ओळखलं होतं की. एका परक्या बाईनं ओळखलं होतं.

दुसऱ्या दिवशी खिडकी उघडायच्या आधी जाऊन उभा राहिलो. आयुष्यात पहिल्यांदा कुणापुढे हात जोडले. बाईनं आत जाऊन साहेबांना विचारलं, परत आली, नकारार्थी मान हलवली. तुमच्याच हातचं लिहिलेलं आहे काका, म्हणाली. पुढच्या वर्षी या. तिचे डोळे भरले होते, आणि ते मला शिक्क्यापेक्षा जास्त लागलं.

आता औषधं मी आणतो. पेपर बंद केला, दूध अर्ध्यावर आणलं, महिन्यातले दहा दिवस तिला पूर्ण गोळ्या मिळतात. उरलेले वीस दिवस रोज सकाळी ब्लेडनं एक गोळी मी चिरतो, कारण तिचा हात थरथरतो. दोन तुकडे कधी सारखे होत नाहीत. त्यातला मोठा तिला सकाळी द्यायचा की संध्याकाळी, ते मला ठरवावं लागतं.